पाचव्या चकोरातला छर्रा

उचतेरेक, नोव्हेंबर

परमआदरणीय तायके, माझ्या आईचे एकुलते एक भाऊ, वरच्या वस्तीचे भूषण आणि आमच्या अख्ख्या गोतावळ्यात घोड्यावर ताठ बसू शकणारे शेवटचे गृहस्थ, यांना भाचा एर्मेक याचा छातीवर हात ठेवून सलाम.

माझ्या आयुष्यात सगळं उलटंपालटं झालं तो क्षण मला मिनिटासकट सांगता येईल. मंगळवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी आसानकुल आकेंच्या तोंडातून 'कट्' असा आवाज आला. पण ते राहू द्या, आधी तुमची तब्येत. मूत्रपिंडं कशी आहेत? गरम झऱ्याच्या पाण्याने गुडघ्यांना उतार पडला का? त्या आरोग्यधामात सकाळ-संध्याकाळ बिनमिठाची लापशी देतात आणि वर गाणी म्हणायला लावतात असं आई सांगत होती. तिला तुमची फार काळजी वाटते. (लापशीची नाही, गाण्यांची. तुम्ही गायला लागलात तर बाकीचे रोगी घरी जातील म्हणते.) इकडे तुमच्या मेंढ्या सुखरूप आहेत, गाय सुखरूप आहे, तोरू घोडा तर फारच सुखरूप आहे, पोटाला जरा सुटलाय. हे मी इतक्या खात्रीने कसं सांगतो ते पुढे ओघात येईलच.

मी कॉलेज का सोडलं याबद्दल आईने तुम्हाला जे सांगितलं असेल त्यातलं निम्मं खरं आहे. रस्ते बांधायच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला मास्तर भर वर्गात म्हणाले, की डोंगरातल्या पोरांना सरळ रेषेची कल्पनाच करता येत नाही. मी उठलो, दारापर्यंत एका सरळ रेषेत चालत गेलो आणि दार असं आपटलं की वरची काच खाली आली. तुम्ही नेहमी म्हणता, या पोराच्या हाती बिजागरी टिकत नाही. मान्य आहे. पण तायके, डोक्यात राख घालून घेणं हाही एक प्रकारचा सरळपणाच आहे, असं मला त्या दिवशी बसमध्ये बसल्यावर वाटलं. बालिक्चीपर्यंत वाटत होतं. पुढे तळं दिसायला लागलं आणि आईला काय सांगायचं हा प्रश्न पडला.

तर एप्रिलमध्ये मी गावात परत आलो, आणि करायला काही नव्हतं म्हणून लहानपणीची बेचकी काढली. टपाल कचेरीच्या छपरावर एक कावळा बसला होता. मी नेम धरला. कावळा उडाला आणि खिडकीची काच फुटली. आतून आसानकुल आकेंची बेगायिम बाहेर आली, हातात काचेचा तुकडा घेऊन. (ती गेल्या वर्षीपासून तिथे बसते. तिची हनुवटी किंचित पुढे आहे, आणि पुढे असलेल्या हनुवटीइतकी सुंदर गोष्ट या तळ्याच्या दोन्ही काठांवर दुसरी नाही.)

"कुणी मारला?"

"मी."

"कशाला?"

"कावळ्याला."

"कावळा कुठाय?"

"उडाला."

"काचेलाही पंख लाव, म्हणजे ती पण उडेल," असं म्हणून तिने माझ्या हातातली बेचकी घेतली, खाली वाकून एक खडा उचलला, चाळीस पावलांवरच्या कुंपणाच्या खांबावरचा डबा पहिल्या फटक्यात खाली पाडला, मग बेचकीचं रबर सोडवून स्वतःच्या खिशात टाकलं आणि नुसतं लाकडी दुबेळकं मला परत दिलं. "लाकूड तुझं. रबर काचेच्या बदल्यात." तायके, मी दुबेळकं घेऊन घरी आलो आणि तीन दिवस जेवलो नाही. चौथ्या दिवशी आईने पिठाचे बोरसोक तळले, तेव्हा जेवलो, पण मन लागलं नाही.

आता आसानकुल आकेंकडे जायचं म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. बेगायिमची आई गेल्यापासून त्या घरात बाप-लेक दोघंच, आणि अंगणात ओळीने बसलेले बाज. मी शुक्रवारी चांगला सदरा घालून गेलो. आके बाजाची नखं कापत होते.

"मुलीसाठी आलायस की बाजासाठी?"

"दोन्हींसाठी, आके."

"कॉलेज अर्धवट. गाडी नाही. मेंढ्या आईच्या. तुझं स्वतःचं काय आहे, पोरा?"

"राग आहे," आतून बेगायिमचा आवाज आला.

आके हसले नाहीत. नख कापून झाल्यावर म्हणाले, "एक चकोर. तुझ्या स्वतःच्या बाजाने धरलेला, माझ्या हातात. मग बसू, बोलू."

"एवढंच?"

"एवढंच म्हणणारे याआधी आठ जण येऊन गेले."

मी तिथेच शब्द दिला. बेगायिमचं म्हणणं असं पडलं, की चकोर आला तर ती विचार करेल. तुम्ही म्हणाल 'विचार करेन' म्हणजे होकार नव्हे. पण तायके, टपालातल्या मुलीने विचार करते म्हणणं आणि दुसऱ्या कुणी म्हणणं यात फरक आहे. तिच्याकडे कागद पडून राहत नाहीत.

सप्टेंबरात मी जाळं लावून बाज धरला. आईने त्याचं नाव तेन्तेक ठेवलं. (लहानपणी मी डोक्यात राख घातली की ती मलाच या नावाने बोलवायची. आता हाक मारली की आम्ही दोघंही मान वळवतो.) बाज माणसाळवणं म्हणजे त्याला दिवसभर हातावर घेऊन हिंडणं, हे मी ऐकून होतो. पण बाज माणसाळवणं म्हणजे स्वतः गप्प बसणं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आपण जरा आवाज चढवला की तो हातावरून उलटा लटकतो आणि पंख झडझडवत आपल्याकडे असा बघतो की जणू त्याचा नाही, आपलाच कान धरून कुणी लटकवलंय. दुकानदार वजनात मारत होता तेव्हा मी बोललो, तो लटकला. शाळेपुढे कुणीतरी 'इंजिनियर आला' म्हणालं तेव्हा मी बोललो, तो लटकला. माझ्या दोस्ताच्या, कुबातच्या घरी लग्नाला घेऊन गेलो, तिथे कुणी काही बोललं नाही, म्हणून तो नुसताच बसला आणि गावप्रमुखांच्या डोक्यावरच्या पांढऱ्या कल्पाकवर मागून पिचकारी मारली. चाळीस दिवसांनी आई म्हणाली, दोन वर्षं कॉलेजने जे केलं नाही ते या पाखराने केलं, घरातली दारं शांत झाली.

आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, तुमच्या घरामागच्या उतारावर, तेन्तेकने पहिला चकोर धरला. पळत गेलो, बघतो तर पंख पसरून त्याच्यावर बसलाय, शेपटीचं घुंगरू वाजतंय, आणि तोंडावर भाव असा की यात विशेष काय. मी रडलो. (हे आईला सांगू नका.) पक्षी पट्ट्याला अडकवला आणि गावाकडे निघालो.

आपल्यात शिकारीहून परतणाऱ्याला वाटेत जो पहिला भेटेल त्याने 'शिरालगा' म्हटलं, की शिकार निमूट काढून त्याच्या हाती द्यायची, हे मला काय ठाऊक नव्हतं? पक्कं ठाऊक होतं. लहानपणी मी स्वतः कितीदा शिकाऱ्यांच्या वाटेवर उभा राहिलोय. फक्त या उतारापासून आसानकुल आकेंच्या दारापर्यंत इतकी माणसं राहतात हे ठाऊक नव्हतं. पन्नास पावलं चाललो असेन, तोच मेंढ्यांच्या गोठ्यातून म्हातारा कादिर मेंढपाळ खाली उतरला. "शिरालगा, बाळा," म्हणाला, आणि इतक्या प्रेमाने म्हणाला की मी पक्षी सोडून देताना जवळजवळ आभारच मानले. दुसरा चकोर शाळेच्या मास्तरांनी घेतला, वर मला सांगितलं की परंपरा टिकल्या पाहिजेत. तिसऱ्याच्या वेळी मी मुद्दाम दुपारी मोठ्या रस्त्याने आलो, तर काराकोलची गाडी थांबली आणि आतले अकरा जण एकदम म्हणाले. पहिलं कोण म्हणालं यावर त्यांचं भांडण जुंपलं. चालकाने गाडी त्याची म्हणून निकाल स्वतःच्या बाजूने दिला. चौथा चकोर मी अंधार पडायच्या आत, सगळ्यांना चुकवून, आमच्या कुंपणापर्यंत आणला. फाटकात आई उभी होती.

"शिरालगा," आई म्हणाली.

"आई, मी आहे."

"दिसतंय की. शिरालगा."

"आई, हा आसानकुल आकेंसाठी आहे. तुझ्या सुनेसाठी आहे."

"सून येईल तेव्हा येईल. मला आज चकोर खावासा वाटतोय. नाही म्हणतोस? नाही म्हटलं तर तुझा बाज आंधळा होईल हं."

आईने तो बटाट्यात शिजवला. मला पाय दिला. तायके, तुम्ही तिच्याबरोबर लहानाचे मोठे झालात, तुम्हाला मी काय वेगळं सांगणार?

एवढ्यात काराकोलच्या दातांच्या डॉक्टर मेदेरकडून निरोप आला. डॉक्टर मेदेर म्हणजे तेच, ज्यांचे हात लोण्यासारखे मऊ आहेत आणि ज्यांच्याकडे वर-खाली होणारी खुर्ची आहे. त्यांची आई नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी बारा वाजता बेगायिमच्या कानात कुड्या घालून सोयरीक पक्की करायला येणार. आके म्हणाले, येणाऱ्याला मी दार लावत नाही. बेगायिम म्हणाली, चकोराचं काय झालं ते आधी बघू. (ही बातमी मला दुकानात कळली. तेन्तेक हातावर होता म्हणून दुकान वाचलं.)

आणि नेमक्या त्याच आठवड्यात मी एक चूक केली. सोमवारी प्रेमाने, अगदी लेकरासारखं, तेन्तेकला सशाच्या मांडीचा एक तुकडा जास्त दिला. मंगळवारी सकाळी तो गळ्याची पिशवी फुगवून तुमच्या विहिरीजवळच्या पॉपलरच्या शेंड्यावर जाऊन बसला. मी खालून शीळ घातली, मांस दाखवलं, हातमोजा हलवला, हात जोडले. त्याने माझ्याकडे पाहिलं, एक पाय पोटात ओढून घेतला आणि डोळे मिटले. समोर खडकावर एक चकोर ऊन खात बसला होता. तायके, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? तुम्ही घरी गेला असता. मी कुबातच्या घरी गेलो, त्याची छऱ्यांची बंदूक मागून आणली आणि एका छऱ्यात तो चकोर खाली पाडला.

मग मला वाटलं, बाजाने धरल्यासारखा दिसला पाहिजे. म्हणून आमच्या घरचा जेवणाचा काटा घेऊन त्याच्या पाठीवर चार भोकं पाडली. पक्षी सदऱ्याच्या आत पोटाशी धरला आणि रस्ता सोडून पाटात उतरलो. पाटाला हल्ली पाणी नाही, चिखल आहे. त्यातून मी गुडघ्यांवर, काही ठिकाणी पोटावर, आसानकुल आकेंच्या परसापर्यंत आलो. वर रस्त्यावरून माणसं चालल्याचं ऐकू येत होतं. मास्तर कुणाला तरी सांगत होते, की एर्मेक हल्ली दिसत नाही, परंपरा सुटत चालल्या.

आकेंनी पक्षी घेतला, पंख उलगडले, पाठ पाहिली. "तुझ्या बाजाची बोटं सगळी एका ओळीत आहेत," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "बस. जेवून जा."

बेगायिमने त्याच पक्ष्याचा रस्सेदार शोर्पो केला. माझ्यासमोर वाटी ठेवताना तिने माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. त्या वेळी मला वाटलं, लाजून खाली बघतेय. आके चांगला मांसल तुकडा निवडून चावले, आणि एक वाजून दहा मिनिटांनी, तुम्हाला सुरुवातीलाच सांगितला तो आवाज आला.

त्यांनी एका हाताने गाल धरला, दुसऱ्या हाताने तोंडातून दोन वस्तू काढल्या आणि बशीत शेजारी-शेजारी ठेवल्या. एक अर्धी दाढ. दुसरा शिशाचा छर्रा.

बेगायिमने भांडी पुसायचं फडकं तोंडाला लावलं आणि तिचे खांदे गदगदायला लागले. मला वाटलं, बिचारी पोर बापाच्या दुःखाने रडतेय. फडकं खाली आलं तेव्हा कळलं, हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"चाळीस वर्षं बाज पाळतोय," आके म्हणाले. "अंडी घालणारे पाहिले. छर्रे घालणारा आज पहिल्यांदा पाहिला."

"आके, मी..."

"वाटेत किती जण भेटले?"

"कुणी नाही."

"भर दुपारी, उचतेरेकात, कुणी नाही?"

"मी पाटातून आलो."

तेव्हा मात्र त्यांनी चमचा खाली ठेवला. "छऱ्याचं सोड. डोकं फिरलं की माणूस काहीही मारतो, मीही मारलंय. पण शिरालगा चुकवायला पाटातून सरपटत आलास? ज्याच्या वाटेत माणसं येऊ नयेत असं त्याला वाटतं, त्याच्या घरी मी मुलगी देऊ? असला पक्षी दाढ नाही मोडणार तर काय करणार?" मग गाल धरून उठले. "रविवारी बारा वाजता ते लोक येतायत. त्याच्या आत बाजाचा चकोर, उजेडात, रस्त्याने. नाहीतर तू आणि तुझं दुबेळकं."

आता याहून वाईट काय व्हायचं असं मला वाटलं. पण दाढ अर्धी आत राहिली होती, आणि आपल्या भागात दाढ काढणारा माणूस एकच. संध्याकाळी डॉक्टर मेदेर स्वतः गाडी घेऊन आले. मी कुंपणाबाहेर उभा राहून खिडकीतून बघत होतो. त्यांनी आकेंची दाढ अशी अलगद काढली की मलाही कौतुक वाटलं, आणि बेगायिम शेजारी बॅटरी धरून उभी होती. तायके, माझ्या छऱ्याने माझ्याच प्रतिस्पर्ध्याला त्या घरात बोलावून आणलं, वर बापाला त्याच्या उपकाराखाली ठेवलं. रस्ते बांधणाऱ्यालाही इतका सरळ रस्ता बांधता आला नसता.

बुधवारी मी टपाल कचेरीत गेलो. तेन्तेक आदल्या संध्याकाळी भूक लागल्यावर, जणू काही झालंच नाही अशा थाटात, माझ्या हातावर येऊन बसला होता, म्हणून आवाज खालीच ठेवावा लागला.

"पाकीट आहे?" बेगायिमने विचारलं. ती शिक्के मारत होती.

"नाही."

"मग खिडकी अडवू नकोस."

"डॉक्टर चांगला माणूस आहे," मी म्हणालो. (का म्हणालो ते मलाही माहीत नाही.)

"आहेच. काल बाबांशी अर्धा तास बोलले. प्रत्येक वाक्यानंतर मला वाटत होतं, आता म्हणतील, चूळ भरा." शिक्का. "पहिला भेटेल त्याला द्यायचा, असंच ना?"

"असंच."

"मग पहिला कोण भेटावा हे नशिबावर का सोडतोस?" शिक्का. "रविवारी अकरा वाजता बाबा वरच्या पुलावर असतील."

"कशावरून?"

"मी पाठवणार म्हणून. शिकारी समोर दिसला की त्यांच्या तोंडून तो शब्द निघतोच, झोपेतही निघतो. ते शिरालगा म्हणतील, तू देशील. बाजाचा, उजेडात, रस्त्यावर, त्यांच्या हातात. अजून काय हवं?"

मी म्हणालो, पण वाटेत त्यांच्या आधी दुसरं कुणी भेटलं आणि म्हणालं, तर मी थांबणार आणि देणार. परत पाटात उतरणार नाही. हे ऐकून तिचा शिक्का मारायचा हात तसाच वर राहिला. तायके, तो हात किती वेळ वर होता ते मी मोजलं नाही. तेन्तेकसुद्धा हलला नाही.

असो. हे पत्र मी काही मागण्यासाठी लिहिलेलं नाही. मोठ्या माणसांना आपली हालहवाल कळवणं हे लहानांचं कर्तव्य आहे, एवढाच हेतू. प्रकृतीला जपा, लापशी टाकू नका, गाणी शक्यतो टाळा.

तुमच्या पायांची धूळ पुसण्याच्या लायकीचा, पण आजवर न पुसलेला,
एर्मेक

ता. क. एक बारीक गोष्ट राहिली. उतारावरून वरच्या पुलापर्यंत मध्ये फक्त कादिर मेंढपाळाचा गोठा लागतो. पायी गेलो तर तो हमखास आधी वाटेवर उतरतो, म्हाताऱ्याचे पाय पासष्टीतही शेळीचे आहेत. घोड्यावर असलो तर मी त्याच्या आधी पुढे जाईन. कुणी माझ्या तोंडावर शब्द बोलायच्या आत पुढे निघून जाणं हे चुकवणं नव्हे, असा बेगायिमने निर्वाळा दिलाय. आमची घोडी गाभण आहे, तिला पळवता येत नाही. तेव्हा तुमचा तोरू एका दिवसासाठी मिळेल का? तुम्ही तो कुणाला देत नाही हे मला माहीत आहे. विचार करून सावकाश कळवा.

ता. क. सावकाश नको. आज तोच रविवार आहे. वर उचतेरेक लिहिलं ते सवयीने, मी तुमच्याच स्वयंपाकघरात बसलोय. किल्ली शेजारच्या म्हातारीने दिली, मी तुमच्या गाईला पाणी पाजायला आलोय असं तिला वाटतं. (पाजलंसुद्धा.) हे पत्र टपालाने का नाही पाठवलं ते हनुवटीबद्दलचं वाक्य पुन्हा वाचलंत तर लक्षात येईल. जर्दाळूचा मुरंबा उघडलेला दिसेल, तो मी उघडला. अर्धा दिसेल, तोही मीच. तोरूवर खोगीर चढवलंय, चढवताना तो मला खांद्याला चावला, म्हणजे तब्येत उत्तम आहे. तेन्तेक तुमच्या खुर्चीच्या पाठीवर बसला होता आणि मागे भिंतीवर तुमचा पदक घातलेला फोटो आहे. पदक पुसून काढलं. फोटोतल्या तुमच्या कानाजवळ थोडं राहिलंय.

ता. क. तोरू मी उसना घेतोय, संध्याकाळी परत बांधेन, तो उचलण्यात मी धरत नाही. भाच्याने मामाच्या घरून तीन वेळा हवं ते उचलावं आणि मामाने ब्र काढू नये, हा हक्क मी आजवर दोनदा वापरला. पाच वर्षांचा असताना काळं कोकरू, बाराव्या वर्षी रेडिओ. तिसरी वेळ राखून ठेवली होती. तुमच्या पेटीच्या तळाशी, मखमली कापडात, आजीच्या चांदीच्या कुड्या होत्या. 'होत्या' हा शब्द मी विचार करून लिहिलाय. बारा वाजता त्या घरात एक आई कुड्या घेऊन येणार आहे, आणि त्याआधी दुसऱ्या कुड्या तिथे पोहोचलेल्या बऱ्या, असं खिडकीआडून मला सुचवण्यात आलं. कुणी सुचवलं ते मी लिहिणार नाही, पण बोलताना शिक्क्याचा आवाज येत होता. आता माझा हक्क संपला. यापुढे तुमच्या घरातून काही गेलं तर पोलिसांत जा.

ता. क. आणि आता खरं सांगतो, एवढं सगळं लिहिलं ते यासाठी. कुड्या मी नेईन, चकोर तेन्तेकने मनावर घेतलं तर मिळेल, पण माझ्या बाजूने तोंड उघडायला घरातलं मोठं माणूस हवं. बाबा गेले, आई बोलायला लागली तर चकोर कसा शिजवला तेच सांगत बसेल. आरोग्यधामातून तुम्हाला घेऊन येणारी बस आज नऊला येते. हातपाय धुवा, नवा कल्पाक घाला, आणि अकरापर्यंत पुलावर या. माझ्या डोक्याबद्दल काही बोलू नका, ते सगळ्या गावाला माहीत आहे. एवढंच म्हणा, की हा मुलगा आता दार आपटत नाही. कादिर आधी भेटला तर मी रिकाम्या हाताने येईन, तरीही म्हणा. वाटेत कादिरच्या गोठ्याजवळ जरा थांबून त्याला तुमच्या गुडघ्यांबद्दल सविस्तर सांगितलंत तर माझी हरकत नाही. निदान अर्धा तास.

सात वाजलेत, उतारावर ऊन आलंय, वर कुठेतरी चकोर ओरडतायत. कागद चहाच्या किटलीखाली ठेवतोय. तेन्तेकला कालपासून काही दिलेलं नाही, हातावर बसून तो दाराकडेच बघतोय. तुमचं दार खाली घासतं, जरा उचलून ओढावं लागतं, माझ्या लक्षात आहे. बाहेर पडतो आणि ते आवाज न करता लावून घेतो.